‘ताई, आधी स्वयंपाक शिका’: एका प्रतिक्रियेला उत्तर

पाकिटातल्या नूडल्स घरी चवदार आणि जरा पोटभरीच्या कशा करायच्या, यावर मागच्या आठवड्यात इथे लिहिलं होतं. त्यावर नांदेडच्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मुख्य मुद्दे चार. शेंगोळे, माडगं, भाकरी-कोरड्यास असताना ही परदेशी पाकिटं सजवून सांगायची गरज काय? नूडल्सवर मेणाचा थर असतो, त्याचं काय? माझ्या कृतीत सोया सॉस ‘एक चमचा’ आहे, त्याने मीठ कमी होण्याऐवजी वाढतं. आणि चौथा त्यांच्याच शब्दांत: ‘‘ताई, आधी स्वयंपाक शिका. नूडल्स उकळून पाणी मोरीत ओतायचं म्हणजे सगळं सत्त्व ओतून द्यायचं, आणि वर चार पानं टाकून पौष्टिक म्हणायचं, ही लोकांची फसवणूक आहे.’’

‘ताई’ म्हणायचं आणि लगेच पुढे हे लिहायचं, हे मला रुचलं नाही. परभणीत अठरा वर्षं घरचा स्वयंपाक आणि त्यातली नऊ वर्षं विद्यार्थ्यांची मेस, रोज साठ-सत्तर ताटं, एवढं माझ्या हातून झालेलं आहे. स्वयंपाक शिकणं कुणाचंच संपत नाही, माझंही नाही. पण ‘फसवणूक’ हा शब्द फार जड आहे, दादा. मी पाकीट विकत नाही, कुठल्या कंपनीचं नावही लेखात नव्हतं. ‘पाणी का फेकायचं ते कळलं नाही’ एवढंच विचारलं असतंत तरी उत्तर हेच मिळालं असतं, फक्त जरा खालच्या आवाजात.

आता त्या पाण्याकडे येते. तुमचं हे वाक्य शेंगोळ्यांवरून आलेलं आहे, असं मला वाटतं. शेंगोळ्यांचं पाणी कुणी फेकत नाही, आणि फेकूही नये. तिथे हुलग्याचं कच्चं पीठ रश्श्यातच शिजतं, पीठ सुटून रस्सा दाट होतो, मीठ-मसाला आपल्या हातचा असतो. पाकिटातली वडी तशी नसते. ती मैद्याची. कारखान्यात आधी वाफवलेली असते, म्हणजे तिच्यातला स्टार्च शिजून झालेला असतो. मग ती तेलात तळून सुकवतात, बहुतेक वेळा पामतेलात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघतं आणि धाग्यात बारीक छिद्रं पडतात. त्या छिद्रांतून गरम पाणी भराभर आत शिरतं, म्हणूनच ती दोन-तीन मिनिटांत मऊ होते. तळलेल्या वडीत १०० ग्रॅममागे १५ ते २० ग्रॅम तेल असतं.

मग पहिल्या पाण्यात काय उतरतं? वरवरचं थोडं तेल, सुटा स्टार्च, वडीत घातलेल्या मिठाचा काही भाग आणि क्षार. पाकिटावर ५०० आणि ५०१ असे आकडे दिसतात, ते सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट. आपल्या पापडखाराच्याच नात्यातले. धाग्याला ताण आणि पिवळी झाक त्यांनी येते, आणि तो किंचित साबणासारखा वासही त्यांचाच. हे पाणी फेकून कुठलं सत्त्व जातं, ते मला तुम्ही सांगावं. भाज्या या पाण्यात नसतातच. माझ्या कृतीत त्या दुसऱ्या पाण्यात शिजतात, आणि ते दुसरं पाणी आपण पितो. लेखात हे स्पष्ट होतं. तुम्ही ते वाचलंत की नाही, कळायला मार्ग नाही.

सगळं तेल निघून जातं, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. बरंच तेल छिद्रांत अडकलेलं असतं, ते दीड मिनिटात बाहेर येत नाही. जेवढं येतं ते पाण्यावर तवंग होऊन दिसतं.

पाणी फेकण्याची पद्धतही सांगितली होती, ती इथे पुन्हा सांगते, कारण अर्धवट केली तर लगदाच होतो. एका भगुण्यात पाऊण लिटर पाणी खळखळ उकळू द्यायचं. पाणी कमी घेतलं तर वडी टाकताच ते थंड पडतं, पुन्हा उकळी यायला वेळ लागतो, आणि तोवर धागा बाहेरून चिकट, आतून कडक राहतो. सत्तर ग्रॅमची वडी अख्खी टाकायची, मोडायची नाही. पाऊण मिनिटाने उलटायची, आणखी पाऊण मिनिट. मध्ये अजून थोडा टणकपणा असतानाच चाळणीत ओतायची. इथे पूर्ण शिजवली तर पुढे रश्श्यात ती फुगतेच फुगते. स्टार्च पाणी शोषणं थांबवत नाही. वाढून ठेवलेलं ताट दहा मिनिटांत घट्ट होतं, त्याचंही कारण हेच.

आणि हो, हा नियम सगळ्या पाकिटांना नाही. मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली जपानमध्ये पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या, त्यांच्यात मसाल्याची वेगळी पुडी नव्हती. चव नूडल्समध्येच मुरवलेली होती. तशा नूडल्सचं पाणी फेकलं तर चव मोरीत गेली, हे खरं. कपातल्या नूडल्सनाही हे जमत नाही. पाकिटावर ‘तळलेले नाही’ असं असेल आणि तक्त्यात १०० ग्रॅममागे तेल पाच ग्रॅमच्या आत असेल, तर फेकून फारसं काही साधत नाही. त्यांना शिजायला चार-पाच मिनिटंही लागतात. टीका करायचीच होती तर ही जागा होती. या अपवादांबद्दल मी लेखात कमी लिहिलं होतं.

खरा प्रश्न पाण्याचा नाहीच, पुडीचा आहे. सोडियमचा मोठा वाटा मसाल्याच्या पुडीत असतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम सांगते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. पाकिटावरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचा आकडा मिळतो. मात्र तक्ता १०० ग्रॅमचा आहे की एका पाकिटाचा, हे आधी बघायचं; सत्तर ग्रॅमच्या पाकिटावर १०० ग्रॅमचा आकडा वाचून लोक उगाच घाबरतात, आणि १२० ग्रॅमच्या कोरियन पाकिटावर तोच वाचून उगाच निर्धास्त होतात. त्या मोठ्या पाकिटांत एका वेळेला दीड ग्रॅमच्या वर सोडियम सर्रास असतं.

म्हणून अर्धी पुडी. पण अर्धी पुडी म्हणजे अर्धं मीठ नव्हे, कारण वडीतही मीठ असतं. पहिलं पाणी फेकणं इथे कामाला येतं. दोन्ही मिळून फरक पडतो, एकट्याने थोडाच.

अर्ध्या पुडीने रस्सा सपक लागतो, ही तक्रार मात्र रास्त आहे. तो भरून काढायला मिठाशिवायचे रस्ते आहेत, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहेत. चहाचा एक चमचा करडईचं तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण, चार पाकळ्या, कडेने तांबूस होईपर्यंत. काळा पडला की कडू, मग ते तेल टाकून नवीन घ्यायचं, वाचवायला जायचं नाही. मग बारीक चिरलेला एक छोटा कांदा, त्यानंतर एक पिकलेला टोमॅटो. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचा, नुसता मऊ झाला म्हणून थांबायचं नाही. मसाल्याच्या पुडीला जी चव असते तिचा आधार ग्लुटामेट, आणि ते पिकलेल्या टोमॅटोत मुळातच असतं. परतून पाणी आटलं की ते दाट होतं. यावर साडेतीनशे मिलिलिटर पाणी.

रश्श्याला अंगासाठी येसर. चहाचा एक सपाट चमचा, गार पाण्यात कालवून मगच ओतायचा. कोरडा टाकला तर गाठी होतात आणि नंतर किती घोटलं तरी फुटत नाहीत. येसरात भाजलेलं धान्य आणि डाळ असते, म्हणून रस्सा दाट होतो आणि खमंग लागतो. घरच्या येसरात मीठ घातलेलं असेल तर पुडी आणखी कमी करायची. रस्सा तीन-चार मिनिटं उकळल्यावर शिजवलेल्या नूडल्स घालायच्या, आणि पुडी अगदी शेवटी, गॅस बंद करण्याआधी अर्धं मिनिट. तिचा वास उडणारा असतो, सुरुवातीला टाकली तर तो खोलीभर पसरतो आणि ताटात उरत नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर. लिंबाऐवजी चुक्याची चार पानं चिरून टाकली तरी आंबटपणा येतो. पालक किंवा तांदुळजा असेल तर मूठभर, शेवटचं एक मिनिट. गाजर-घेवडा मात्र येसराच्या आधी पाण्यात पाच मिनिटं, नाहीतर कच्चेच राहतात.

प्रथिनांचं गणित लेखात होतं, त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. नुसत्या वडीत सहा-सात ग्रॅम. एक अंडं घातलं की आणखी सहा. अंडं न खाणाऱ्यांना सोयाबीनच्या वड्या, कोरड्या पंधरा ग्रॅम, त्यात साडेसात-आठ. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा पिळायच्या, नाहीतर त्यांचा वास सगळ्या रश्श्याला लागतो. वरून दोन चमचे शेंगदाण्याचं भरड कूट. ज्यांना ‘चार पानं’ म्हणालात, ती ही.

बाकीचे मुद्दे. मेणाचा थर नसतो. धागे चमकतात ते तेलाने, आणि एकमेकांना चिकटत नाहीत ते वळणदार आकारामुळे. परदेशी म्हणाल तर मिरची आणि टोमॅटोही बाहेरूनच आले, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. शेंगोळे चांगलेच, कोण नाही म्हणतंय? पण तो लेख लातुरात खोली करून राहणाऱ्या, एक शेगडी आणि एक भगुणं असणाऱ्या मुलामुलींसाठी होता. क्लास सुटल्यावर रात्री साडेनऊला हुलग्याचं पीठ मळून शेंगोळे वळा, असं त्यांना सांगून बघा. पाकीट ते आणणारच आहेत. लहान मुलांना रोज द्यावं असं मी लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या प्रतिक्रियेतला लहान मुलांबद्दलचा परिच्छेद कुणाला उद्देशून होता ते मला समजलं नाही.

राहिला सोया सॉस. ही चूक माझी, आणि ती मान्य करायला मला काही वाटत नाही. ‘एक चमचा’ लिहिलं, पण चहाचा की पोह्याचा, ते लिहिलं नाही. पंधरा मिलिलिटरचा मोठा चमचा ओतला तर ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं, म्हणजे अर्धी पुडी वाचवून केलेलं सगळं परत पदरात. माझ्या मनात चहाचा चमचा होता, पण मनातलं वाचणाऱ्याला दिसत नाही, आणि चहाच्या एका चमच्यालाही ३०० होतात. एवढा एक मुद्दा तुम्ही शांतपणे लिहिला असतात, तर हे उत्तर चार ओळींचं झालं असतं.

मूळ लेखातली ती ओळ आज बदलली आहे: ‘सोया सॉस, वाटल्यास, चहाचा अर्धा चमचा, घातला तर पुडी पाव’. येसर असेल तर सोया सॉस घालूच नका, दोन्ही एकत्र चांगले लागत नाहीत.