नोंद न ठेवलेले प्रयोग

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर औषधचाचण्यांचा विषय निघाला की 'गरिबांना गिनिपिग करतात' हे वाक्य ठरलेलंच. ही भीती उगाच नाही. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लशीसाठी आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डन-मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. सरकारने तो प्रकल्प 2010 मध्ये थांबवला, हे योग्यच झालं.

पण मग करोनात नातेवाईक रात्ररात्र बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा शोधत फिरले, त्याला काय म्हणायचं? तोही प्रयोगच होता, आणि कुणाला किती फायदा झाला याची नोंद बहुतेक ठिकाणी कुणी ठेवली नाही. जिथे ठेवली, तिथलं वेळेवर ऐकलं नाही. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. प्लाझ्मामुळे ना आजार बळावायचा थांबला, ना मृत्यू घटले. हे ऑक्टोबर 2020 मध्ये छापून आलं. सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा निघायला मात्र मे 2021 उजाडला.

मी इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. इथे करोनावर कोणतं औषध लागू पडतं हे तपासणारी 'रिकव्हरी' चाचणी आमच्या रोजच्या कामातच बसवलेली होती. करोना वॉर्डातला कागद बाहेर नेता येत नसे, म्हणून सही केलेलं संमतीपत्र काचेला लावून धरायचं आणि पलीकडून त्याचा फोटो काढायचा. संगणकात मोजकी माहिती भरली की रुग्णाला कोणतं औषध, की नुसते नेहमीचे उपचार, हे तो चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. पुढे डिस्चार्जला, मृत्यूनंतर किंवा 28व्या दिवशी एकच फॉर्म. बस्स.

ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या या चाचणीत पहिला रुग्ण 19 मार्च 2020 ला आला. 5 जूनला मलेरियाचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन निरुपयोगी ठरलं, ते वगळलं, चाचणी चालूच राहिली. टोसिलिझुमॅब हे आणखी एक औषधही चाचणी चालू असतानाच त्यात जोडलं होतं. 16 जूनला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा नाही. हा शेवटचा भाग आपल्याकडे कितीजणांनी मनावर घेतला? घरी असलेल्या रुग्णांनाही स्टेरॉइड दिली गेली आणि दुसऱ्या लाटेत म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. आजही ते आठवलं की संताप होतो.

इथे प्रत्येकाला एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, क्रमांक असतो, त्यामुळे घरी गेलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते कळतं. ती सोय आपल्याकडे नाही, मान्य. पण ससून, केईएम, नागपूरचं मेडिकल इथे दर पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, सर्पदंशाचे रुग्ण येतात. त्यांच्यासाठी अशा चाचण्या का होऊ नयेत? 2019च्या नियमांनुसार, बाजारात असलेलं औषध नव्या आजारावर निव्वळ संशोधनासाठी तपासायचं तर नीतिसमितीची मान्यता पुरते, केंद्राची परवानगी लागत नाही. कमी आहे ती वॉर्डात नोंदी ठेवणारी परिचारिका आणि डिस्चार्जनंतर घरी फोन करणारं माणूस. सरकारकडे मागायचीच तर आधी ही पदं मागा.