कल्ला उचलून बघायची सवय

लग्न होऊन म्हापशाला आले तेव्हा मला मासे घेता यायचे नाहीत. आमच्याकडे मिरजेला मासा म्हणजे नदीचा, तोही कधीतरी. सासूबाई मार्केटात टोपलीपुढे उकिडव्या बसायच्या, बांगड्याचा कल्ला अंगठ्याने वर करून आतला लाल रंग बघायच्या, पोटावर बोट दाबायच्या, खड्डा तसाच राहिला की उठून पुढच्या टोपलीकडे. एकदा विचारलं, आई तुम्हाला कळतं कसं, तर म्हणाल्या, "रोज हात लावल्याशिवाय कळत नाही गो."

बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा 5 वा अध्याय वाचताना मला हेच आठवतं. एव्हाना तुम्ही दुसऱ्यांना शिकवायला हवं होतं आणि तुम्हाला अजून दूधच लागतंय, असं तिथे चांगलंच सुनावलंय, आणि 14 व्या वचनात म्हटलंय की जड अन्न प्रौढांसाठी, म्हणजे ज्यांना सरावाने बरं-वाईट ओळखता येतं त्यांच्यासाठी. सरावाने! किती वर्षं चर्चला जातो, किती वचनं पाठ आहेत, प्रार्थनेत किती डोळे भरून येतात, यातलं काहीच तिथे मोजलेलं नाही.

आता मागच्या वर्षीचं सांगते. मंडळीतल्या एका मुलीबद्दल मला व्हॉइस नोट आली, "प्रार्थनेसाठी" म्हणून, आणि मी ती दोन मिनिटांत तिघींना फॉरवर्ड केली, खाली हात जोडलेले. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मुलगी उपासनेला यायची बंद झाली. आणि खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मी त्याच महिन्यात संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतली होती.

2018 च्या जुलैत मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन मारतात अशी बोंब उठली, बाहेरच्या राज्यातली मासळी सरकारने काही दिवस बंद केली, ते गोव्यातल्या सगळ्यांना आठवत असेल. तेव्हापासून सासूबाई नुसता कल्ला बघून घेत नाहीत, आधी विचारतात, कुठली ही, कोणी आणली? दिसायला ताजी असली तरी विचारतात. त्या नोटवर प्रार्थनेचं नाव होतं म्हणून मी काहीच विचारलं नाही, कोणी सांगितलं, कशाला सांगितलं, त्या मुलीला कोणी विचारलंय का.

आपल्याला सगळं तयार हवं असतं. चवथीला शेजारून गणपतीच्या नैवेद्याच्या नेवऱ्या (करंज्या) आल्या, खायच्या का? कसिनोत नोकरी मिळतेय, घ्यायची का? पाळकसाहेबांनी हो किंवा नाही सांगावं की आपण मोकळे. प्रेषित पौलाला करिंथच्या लोकांनी मूर्तीच्या नैवेद्याचं विचारलं तर त्याने एका शब्दात उत्तर दिलं नाही हो, 1 करिंथ 8 ते 10 असे तीन अध्याय तो बोलतोय, आणि त्यात सारखा तुझ्या शेजारी जो कच्चा भाऊ बसलाय त्याच्या मनाचं काय होईल हे बघायला लावतोय. फिलिप्पै 1:9 मध्येसुद्धा तो आधी प्रीती मागतो, ती ज्ञानात आणि पारखीत वाढावी म्हणून. माझ्याकडे वचनं होती, त्या मुलीबद्दल प्रीती नव्हती, असती तर बोट फॉरवर्डवर गेलंच नसतं. हे लिहितानाही मला त्रास होतोय.

(याच गोव्यात 400 वर्षांपूर्वी नवे ख्रिस्ती झालेले लोक म्हणाले, आमची जुनी पुराणं गेली, आता आम्हाला वाचायला काही द्या, आणि फादर स्टीफन्स या इंग्रज मिशनऱ्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्ताची कथा सांगणारं क्रिस्तपुराण रचलं, 1616 मध्ये राशोलला छापलं. नुसत्या पाठांतरावर त्यांचंही पोट भरत नव्हतं.)

मी तिच्या घरी गेले. तिची आई दारात आली, ती स्वतः बाहेर आलीच नाही. मी म्हटलं मावशी माझं चुकलं, मी ते पुढे पाठवलं. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या तिघींना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्यांच्याच गेटबाहेर स्कूटरला टेकून उभी राहिले आणि एकेकीला फोन लावला, मेसेज नाही, फोन. पहिलीने उचलला तेव्हा माझा आवाजच फुटेना.