ज्वालामुखीचा व्हिडिओ लावा, पण आधी आवाज बंद करा

‘ज्वालामुखी’ या शब्दापासूनच अडचण सुरू होते. ज्याच्या मुखातून ज्वाळा निघतात तो. वर्तमानपत्रं त्याला ‘आग ओकणारा पर्वत’ म्हणतात, वर ‘धुराचे लोट’ जातात आणि खाली पडते ती ‘राख’. नववीतल्या मुलाने यावरून काय समजायचं? डोंगराच्या पोटात काहीतरी जळतंय, त्याचा धूर होतोय आणि जळून उरलेली राख गावावर पडतेय. म्हणजे घरातली चूलच, फक्त मोठी. प्रत्यक्षात तिथे दगड जळत नसतो, वितळलेला असतो. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड तापून लाल दिसतं, तसाच लाव्हा लाल दिसतो. ‘धूर’ म्हणजे पाण्याची वाफ, इतर वायू आणि दगडाचा भुगा. ‘राख’ म्हणजे काचेचे, स्फटिकांचे आणि दगडाचे बारीक कण. ती पाण्यात विरघळत नाही आणि बोटांत चोळली तर खरखरते.

भूगोलातला ‘अंतर्गत हालचाली’ हा भाग शिकवताना डिजिटल बोर्डावर दहा-बारा मिनिटांचा व्हिडिओ सलग लावला की ही चूल मुलांच्या डोक्यात आणखी पक्की होते. लाल कारंजी, दणदणीत संगीत, इंग्रजी निवेदन आणि शेवटी टाळ्या. माझं स्पष्ट मत आहे: एका तासिकेत व्हिडिओ एकूण तीन-चार मिनिटांच्या वर नको, एक तुकडा नव्वद सेकंदांच्या वर नको आणि पहिल्यांदा दाखवताना आवाज पूर्ण बंद हवा. संगीत सुरू असलं की घाबरायचं कुठे आणि थक्क व्हायचं कुठे हे संगीतच ठरवतं, मुलं निरीक्षण करतच नाहीत. आवाज बंद ठेवा, तीन ठिकाणी थांबा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा: पुढच्या दहा सेकंदांत काय होईल? उत्तर वहीत लिहून झालं की मगच पुढे जा.

पण व्हिडिओच्याही आधी सोड्याची बाटली हवी. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ‘ज्वालामुखी’ प्रदर्शनात छान दिसतो, पण तो चुकीची गोष्ट शिकवतो. तिथे दोन पदार्थांची रासायनिक अभिक्रिया होऊन वायू नव्याने तयार होतो. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, वायू आधीपासूनच विरघळलेला असतो, दाबाखाली. दाब कमी झाला की तो बुडबुड्यांच्या रूपात सुटतो. हे दाखवायला सोडावॉटरची तीनशे मिलिलीटरची पारदर्शक प्लॅस्टिक बाटली पुरते. तासाभरापूर्वी ती टेबलावर न हलवता ठेवा, मागे काळा पुठ्ठा लावा, मोबाईल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून स्लो मोशनला लावा. बंद बाटलीत बुडबुडे जवळजवळ दिसतच नाहीत. झाकण अगदी सावकाश, पाव फेरा फिरवा. ‘फिस्स’ आवाज येतो आणि क्षणात बाटलीच्या आतल्या भिंतीवरून बुडबुड्यांच्या माळा सुटतात. आता झाकण पुन्हा घट्ट लावा. बुडबुडे मंदावत थांबतात. हे थांबणं मुलांना दाखवलंच पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. पदार्थ तोच, तापमान तेच, बदलला तो फक्त दाब.

चित्रीकरण खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात करा. ट्यूबलाईटखाली स्लो मोशन घेतलं की चित्र लुकलुकतं, कारण आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याला जाणवतं.

यानंतर काकवी. तीन काचेचे पेले, प्रत्येकात अंदाजे शंभर मिलिलीटर: एकात पाणी, एकात गोडेतेल, एकात काकवी. प्रत्येक मुलाला स्वतःची नळी, एकमेकांची वापरायची नाही. हळू फुंकर घातली की पाण्यातला बुडबुडा लगेच वर येऊन विरतो. काकवीतला रेंगाळतो, फुगतो आणि पृष्ठभागाशी फुटताना शिंतोडे उडवतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि टेबलावर रद्दी हवीच. दुसरी जोडी तापमानाची: फ्रीजमधली काकवी आणि कोमट पाण्यात ठेवलेली काकवी. गुळगुळीत फरशीचा तुकडा एका बाजूने विटेवर टेकवा, वीस सेंटिमीटरवर खूण करा आणि एकेक चमचा ओतून स्टॉपवॉच लावा. तिसऱ्या वेळी कोमट काकवीत दोन चमचे रवा मिसळा. शिलारसात स्फटिक तयार होऊ लागले की तो असाच जड होतो.

आता आकडे सांगितले तर ते मुलांच्या हाताला लागतात. बेसॉल्टचा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, शिलारस साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसचा, त्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) ४५ ते ५२ टक्के. तो पातळ असतो, वायू सहज निसटतो, लाव्हा वाहत जातो. रायोलाईट या फिकट रंगाच्या खडकाचा शिलारस ७०० ते ९०० अंशांचा, सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास. तो बेसॉल्टपेक्षा लाखो पटींनी घट्ट, त्यामुळे वायू अडकतो, दाब साठतो आणि स्फोट होतो. ‘शांत ज्वालामुखी’ आणि ‘स्फोटक ज्वालामुखी’ ही पाठ करायची जोडी राहत नाही. काकवीत फुंकर मारलेल्या मुलाला ती स्वतःहून सांगता येते.

मग दोनच उद्रेक निवडा, दहा नको.

पहिला अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स, १८ मे १९८०. त्याआधीचे काही आठवडे डोंगराची उत्तर बाजू आतून येणाऱ्या शिलारसामुळे रोज दीड ते दोन मीटर फुगत होती. सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला, फुगलेली बाजू घसरली आणि आतला दाब एकदम सुटला. सोड्याच्या बाटलीचं झाकण उडालं ते इथे. ५७ माणसं गेली. २,९५० मीटरचा डोंगर २,५४९ मीटरचा उरला. इंटरनेटवर त्या क्षणाचा म्हणून फिरणारा ‘व्हिडिओ’ मुळात व्हिडिओ नाही. गॅरी रोझेनक्विस्ट यांनी लागोपाठ काढलेल्या फोटोंमधल्या फटी संगणकाने भरून तो बनवलेला आहे. म्हणून इथे मी व्हिडिओ लावूच नये असं म्हणेन. त्यातले पाच-सहा फोटो छापा, पिसून गटागटांना द्या आणि क्रम लावायला सांगा. आधी घसरण की आधी स्फोट, यावर मुलं भांडतील. ते भांडण दहा मिनिटं चालू द्या.

दुसरा आइसलँडचा होलुह्राउन, ऑगस्ट २०१४ अखेर ते फेब्रुवारी २०१५. हा भेगीय उद्रेक. शंकूच्या आकाराचा डोंगर नाही, जमिनीला लांबलचक भेग आणि तिच्यातून उसळणारी लाव्ह्याची रांग. सहा महिन्यांत सुमारे ८५ चौरस किलोमीटर जमीन लाव्ह्याखाली गेली. आकाशातून घेतलेली त्याची दृश्यं उत्तम आहेत. महाराष्ट्रातल्या मुलांना एकच क्लिप दाखवायची असेल तर हीच दाखवा, कारण आपण ज्यावर उभे आहोत ते दख्खनचं पठार असंच भेगांमधून वाहिलेल्या लाव्ह्याचं आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं, आज उरलेलं क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. पाच लाखाला ८५ ने भागायला सांगा. जवळजवळ सहा हजार होलुह्राउन, तेही एकाच थराचा हिशोब धरून. सह्याद्रीत तर असे थर एकावर एक चढलेले आहेत. घाटातून दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे हेच थर. ‘ट्रॅप’ हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आलं.

तांत्रिक गोष्टी कंटाळवाण्या, पण तास फसतो तो इथेच. व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवा, शाळेच्या इंटरनेटवर विसंबू नका. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने स्वतः काढलेलं चित्रीकरण बहुतेक सार्वजनिक मालकीचं असतं आणि तिच्या संकेतस्थळावरून थेट उतरवता येतं. ७२० पी, एमपी-फोर पुरे. जुन्या संगणकावर त्याहून मोठी फाईल अडखळते. पेन ड्राईव्ह फॅट-३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाईल त्यावर बसत नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं, स्फोटासाठी याहून चांगलं साधन नाही. थंड झालेला लाव्हा काळा असतो, तो फिकट प्रोजेक्टरवर दिसतच नाही, म्हणून पडदे नसतील तर अशी क्लिप टाळून पांढऱ्या पार्श्वभूमीवरची आकृती घ्या. आणि वेग वाढवलेल्या व्हिडिओच्या कोपऱ्यात ‘६० पट वेगाने’ असं लिहाच. नाहीतर मुलांना सगळाच लाव्हा पळत सुटतो असं वाटतं.

आकृत्यांबद्दल एक तक्रार आहे. ॲनिमेशनमध्ये ज्वालामुखीची नळी थेट पृथ्वीच्या केंद्रापर्यंत नेलेली सर्रास दिसते. मुलं तेच काढतात आणि भूकवचाखाली सगळीकडे लाव्ह्याचा समुद्र आहे असं धरून चालतात. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा जाड थर, मुख्यतः घन आहे. ते अतिशय सावकाश सरकतं. वर येताना दाब कमी झाला किंवा बुडणाऱ्या भूपट्टाकडून (पृथ्वीच्या बाहेरच्या थराच्या सरकत्या तुकड्याकडून) पाणी मिळालं, तरच त्याचा थोडासा भाग वितळतो. द्रवरूप बाह्यगाभा आहे खरा, पण तो २,९०० किलोमीटर खोल आणि लोखंड-निकेलचा. तो लाव्हा होऊन वर येत नाही. फळ्यावर एक मीटर त्रिज्येचा चाप काढा. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ३५ किलोमीटरचं भूकवच या चित्रात साडेपाच मिलिमीटर येतं, खडूच्या एका जाड रेघेएवढं. १०० किलोमीटर खोली म्हणजे सोळा मिलिमीटर. बहुतेक ज्वालामुखींची सगळी कथा या दीड-दोन सेंटिमीटरांत घडते. कुठलंही ॲनिमेशन दाखवण्याआधी हा चाप काढून ठेवला तर मुलं स्वतःच पडद्यावरची चूक पकडतात.

प्रयोगशाळा असेल तर मेणाचा प्रयोग जरूर करा आणि मोबाईल बाजूने लावून तो थेट पडद्यावर दाखवा. उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचं पाचशे मिलिलीटरचं बीकर, पूर्ण कोरडं. तळाशी एक सेंटिमीटर लाल मेण, साधारण पन्नास ग्रॅम, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून ओतलेलं आणि तासभर घट्ट होऊ दिलेलं. वर दीड सेंटिमीटर स्वच्छ धुतलेली वाळू. त्यावर थंडगार पाणी, चमच्याच्या पाठीवरून ओतलेलं, नाहीतर वाळूला खड्डा पडतो. खालून मध्यभागी एकाच ठिकाणी मंद आच. काही मिनिटं काहीच होत नाही, मग अचानक लाल धार वाळू फोडून वर येते आणि थंड पाण्यात गोठते. फसतं कधी? वाळू न धुतल्यास पाणी गढूळ होतं. वाळू जास्त जाड घातली तर मेण काचेच्या कडेने निसटतं. आच पसरली तर सगळं मेण एकदम उसळतं. साध्या काचेचं भांडं तडकतं. बीकर ओलं राहिलं तर मेणाखाली वाफ कोंडते आणि ते धोक्याचं आहे. मुलं दोन मीटर लांब, शिक्षकाच्या डोळ्यांवर चष्मा. प्रयोग संपल्यावर हेही सांगा की इथे मेण उष्णता देऊन वितळवलं, दख्खनचा खडक मुख्यतः दाब कमी झाल्याने वितळला. प्रतिकृती कुठे खरी आणि कुठे खोटी, हे मुलांना कळलंच पाहिजे.

आपल्याकडे दोन गैरसमज हमखास निघतात. लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं मुख नाही, ते बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आहे. वज्रेश्वरीच्या किंवा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याखाली ज्वालामुखी दडलेला नाही. भेगांतून खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापून वर येतं. भारतातला जागृत ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानातलं बॅरन बेट, दीडशेहून अधिक वर्षांच्या शांततेनंतर १९९१ मध्ये पुन्हा जागं झालेलं.

गृहपाठ फोटोचा द्या. घरातला पाटा, अंगणातलं जुनं जातं, देवळाची पायरी, शेतातली विहीर, काहीही चालेल. दगड ओला करायचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवायचं आणि सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फोटो घ्यायचा. दुपारच्या उन्हात छिद्रं सपाट दिसतात. दगडातली ती छिद्रं म्हणजे सोड्याच्या बाटलीतले बुडबुडे, निसटायच्या आधीच गोठलेले. काहींत पांढरे किंवा हिरवट खनिज भरलेले दिसेल, ते नंतर पाण्याने आणून भरलंय. विहिरीच्या किंवा खाणीच्या उभ्या कापात बुडबुड्यांचा दाट पट्टा आणि त्यावर विटेसारखा लाल थर दिसला, तर तिथे एक लाव्हाप्रवाह संपलाय. पुढचा यायच्या आधी मधल्या काळात माती तयार झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. घाटातल्या रस्त्याकडेला हा लाल पट्टा फार सुरेख दिसतो, पण मुलांना तिथे पावसाळ्यात पाठवू नका. दरडी सुटतात, आणि पुष्कळदा त्या लाल थरापाशीच सुटतात, कारण तो वरखालच्या काळ्या दगडापेक्षा मऊ असतो आणि पाणी तिथेच मुरतं.