वीजवाहू विमान काढणाऱ्यांसाठी काही प्रेमळ सूचना

भूकंपात किंवा चक्रीवादळात अंधारात गेलेल्या शहराला आकाशातून वीज पुरवणारं विमान तुम्हाला कल्पायचं आहे ना? जरूर कल्पा. विज्ञानकथेसाठी असो, आराखड्यांच्या स्पर्धेसाठी असो, की गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइडसाठी. आधी विमानाचं चित्र काढा, पंखांखाली निळा प्रकाश सोडा. निळं दिसलं की लोक वीज समजतात, त्यामुळे अर्धं काम तिथेच होतं.

विमानाच्या पोटात काय भरलंय असं कुणी विचारलं, तर बेधडक 'बॅटऱ्या' म्हणा. आकडेमोड मात्र करू नका. लिथियम-आयनच्या चांगल्या सेलमध्ये किलोमागे साधारण 250 वॅट-तास मावतात. म्हणजे 100 टन सेल नेले तर 25 मेगावॅट-तास. एक मेगावॅटचा भार धरला तर ही वीज जेमतेम एक दिवस पुरेल, आणि पेट्या, शीतकरण, तारा यांचं वजन यात धरलेलंच नाही. तेवढ्याच वजनाचं डिझेल नेऊन जमिनीवरच्या साध्या जनरेटरमध्ये ओतलं, तर तोच भार पंधरवडाभर निघतो. पण डिझेलच्या पिंपांचं पोस्टर काय काढणार? आणि त्यासाठी नवं विमान कशाला, असं एखादा आगाऊ माणूस विचारणारच.

बॅटरी पटत नसेल तर सौरपट्ट्या लावा. 2015-16 मध्ये 'सोलर इम्पल्स 2' नावाचं विमान टप्प्याटप्प्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं, त्याचा दाखला खुशाल द्या. त्याच्या पंखांचा पसारा 72 मीटर होता, वजन सुमारे 2.3 टन आणि आत माणूस एकच. एवढे पंख उन्हात पसरून त्यानं मिळवलेली वीज त्या एका माणसाला हवेत ठेवण्यातच संपत होती, हा तपशील तळटीपेतही नको.

अणुभट्टी? तीही झालीय. अमेरिकेनं 1955 ते 1957 या काळात एका बॉम्बर विमानात अणुभट्टी ठेवून 47 उड्डाणं केली, त्यांतल्या काहींत ती चालूही होती. विमान त्या भट्टीवर चालत नव्हतं. किरणोत्सारापासून माणसं कशी वाचवायची, एवढंच तपासायचं होतं. त्यासाठी वैमानिकांना शिशाचं आवरण असलेल्या कक्षात बसवलं होतं. आपत्तीग्रस्तांना शिशाच्या खोल्या कुठून द्यायच्या, ही नियोजन विभागाची जबाबदारी. तुम्ही कलावंत आहात.

आता वीज खाली कशी आणायची? विमान उतरवायचं म्हटलं तर धावपट्टी शाबूत लागते. म्हणून उतरवूच नका, घिरट्या घालू द्या आणि सूक्ष्मलहरींचा झोत खाली सोडा. आधारही तयार आहे: 1975 साली कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन इथे दीड किलोमीटरवर तीस किलोवॅटहून जास्त वीज बिनतारी पोचवली गेली. त्यासाठी 26 मीटर व्यासाची तबकडी जमिनीवर पक्की रोवलेली होती, एवढं गाळा. वाऱ्यात हेलकावणारं तुमचं विमान तोच झोत मदतछावणीवरून फिरवत राहील, ही शंका ज्याला येईल त्याला नकारात्मक ठरवा.

सगळ्यात जपायचं ते प्लगपासून. प्रवासी विमानात वीज काही थोडीथोडकी नसते. बोइंग 787 वर चार जनित्रं प्रत्येकी 250 केव्हीएची (केव्हीए म्हणजे ढोबळमानानं किलोवॅटच) आणि शेपटीतल्या सहायक यंत्रावर दोन प्रत्येकी 225 केव्हीएची असतात. ऐकायला एखादं गाव उजळेल असं वाटतं. पण बहुतेक मोठ्या विमानांतली वीज 400 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 400 आवर्तनांची असते, कारण त्यानं मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर हलके होतात. जमिनीवरचं जग 50 नाहीतर 60 वर चालतं. मधे बदलयंत्र लागतं, त्याला वजन असतं, आणि ते चित्रात कुरूप दिसतं. तेव्हा विमानातून एक जाड तार काढा आणि ती कागदाच्या कडेबाहेर नेऊन सोडा.

तारेचं दुसरं टोक फार वाईट असतं. मार्च 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्रावर त्सुनामी आदळली आणि वीज गेली, तेव्हा सगळ्या जगात वीज सर्वांत तातडीनं तिथेच हवी होती. जनरेटरच्या गाड्या हेलिकॉप्टरनं उचलून न्यायचा विचार झाला. त्या फार जड निघाल्या. मग त्या रस्त्यानं निघाल्या, तर भूकंपानं उखडलेले रस्ते आणि वाहनांची कोंडी. गाड्या पोचल्यावर सुमारे 200 मीटर लांबीची, टनाहून जड केबल कामगारांनी ढिगाऱ्यांतून हातांनी ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी जोडणी होत आली आणि 3 वाजून 36 मिनिटांनी शेजारच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला. केबल निकामी. वीज दारात उभी होती, पण यंत्रापर्यंत गेली नाही. हा प्रसंग तुमच्या कथेत घेऊ नका. त्यात विमानाला करण्यासारखं काही नाही.

जहाजांचा विषयही टाळलेला बरा. 1929 च्या हिवाळ्यात दुष्काळानं जलविद्युत आटली, तेव्हा अमेरिकेतल्या टकोमा शहराला 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू जहाजानं महिनाभर वीज पुरवली. इथे वीज विमानांनी नाही, त्यांना वाहणाऱ्या जहाजानं दिली. हे जरा अपमानास्पदच आहे. शिवाय जहाजाला वजनाची पर्वा नसते, त्यामुळे नाट्य उभंच राहत नाही.

2017 मध्ये मारिया वादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर काही घरं जवळपास वर्षभर अंधारात राहिली. वीजनिर्मिती केंद्रं काही सगळी वाहून गेली नव्हती; आडवे झाले होते खांब, मनोरे आणि तारा. वीज बनवणं सोपं असतं, चिखलातून शेवटच्या घरापर्यंत ती नेणं जिकिरीचं. पण हे लिहिलंत तर नायक कोण होणार? बूट चिखलात रुतलेला वायरमन? त्याच्या पाठीवर निळा प्रकाश पडत नाही आणि फ्यूज बसवताना पार्श्वसंगीतही वाजत नाही.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवतो. 2012 मध्ये सँडी वादळानंतर मालवाहू लष्करी विमानं खरोखरच वीज आणायला उडाली होती. कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्ककडे त्यांनी काय नेलं, तर शिडीच्या गाड्या आणि तारा ओढणारी माणसं. म्हणून तुमच्या चित्रातल्या विमानाचं मागचं दार घट्ट बंदच दाखवा. आत काय आहे असं परीक्षकांनी विचारलं, आणि 'शिड्या' असं खरं उत्तर तोंडून निसटलं, तर पहिलं बक्षीस गेलंच म्हणून समजा.