पाच वर्षं महापालिकेचं सभागृह बंद होतं, आणि आपलं काहीच अडलं नाही?

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एका सेवाभावी क्लबात एका वर्तमानपत्रातल्या सदरलेखकांचं व्याख्यान ऐकलं. विषय शहराचं राजकारण. अशा कार्यक्रमांत सहसा सगळ्यांना दुखावणं टाळून गुळमुळीत बोललं जातं. हे गृहस्थ तसं बोलले नाहीत, म्हणून लिहायला बसलोय.

त्यांनी तारखाच मांडल्या. महापालिकेचं मागचं मतदान १ नोव्हेंबर २०१५ ला. मुदत संपली नोव्हेंबर २०२० मध्ये. पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा तिढा, मग प्रभागरचनेचा घोळ. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून बजावावं लागलं. आणि ७४व्या घटनादुरुस्तीने तर मुदत संपायच्या आत निवडणूक बंधनकारक केलीय!

मग त्यांनी विचारलं, "नगरसेवक नव्हते म्हणून तुमच्यापैकी कोणाचं काय अडलं?"

दुसऱ्या रांगेतून एकजण म्हणाले, "उलट बरं होतं की साहेब. ढपला, म्हणजे कामातला मलिदा, तरी नव्हता." निम्म्या श्रोत्यांनी मान डोलावली.

मला ती मान डोलावणं फार लागलं. राग मी समजू शकतो. महापौरपदाची खांडोळी (मुदतीचे तुकडे करून पद वाटून घेणं), चार कारभाऱ्यांच्या हातात सगळी महापालिका, टक्केवारीच्या गप्पा, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण सभागृह नसणं म्हणजे काय, ते बघा. आयुक्त म्हणून ज्यांनी अंदाजपत्रक तयार करायचं, प्रशासक म्हणून त्यांनीच ते मंजूर करायचं. स्थायी समिती नाही, महासभा नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असो, ही निविदा एवढ्या दराने का, असं त्याला चारचौघांत उभं करून विचारणारं कोणी नाही. नगरसेवक विरोधापोटी, अगदी खुन्नस म्हणून का होईना, फाईल उघडायला लावतो. त्या भांडणातूनच कितीतरी गोष्टी आपल्यापर्यंत यायच्या.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती मी सांगतो. सभाच नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रांत सभेचा वृत्तांतही नाही. कोण काय म्हणालं, कोणी उत्तर टाळलं, हे छापून येणं थांबलं. उरल्या त्या प्रेसनोट.

आणि हे आपल्या कोल्हापुरात! टोलविरोधात म्हातारीकोतारी माणसं रस्त्यावर उतरली, वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, २०१५ च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. त्याच शहराने निवडणुकीसाठी तसा एक मोर्चा काढला नाही. खिशाला चाट बसली की आपण पेटतो, हक्क गेला तर कळतही नाही.

प्रश्नोत्तरांत बहुतेकांना मुंबईत काय शिजतंय तेच ऐकायचं होतं. एका ताईंनी मात्र विचारलं, "आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलंय. आता प्रभागात चार-चार नगरसेवक. फोन कोणाला करायचा?" वक्ते म्हणाले, "चौघांनाही लेखी द्या आणि पोहोच घ्या." अख्ख्या संध्याकाळीतलं सगळ्यात कामाचं वाक्य माझ्या मते हेच. चार सदस्यांच्या प्रभागात प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, कागद असला की ते जमत नाही. शिवाय कायद्यात नगरसेवकाने क्षेत्रसभा, म्हणजे भागातल्या मतदारांची सभा, घ्यायची तरतूद आहे. माझ्या भागात ती भरलेली मी आजवर पाहिलेली नाही. आपणही मागितलेली नाही.

क्लबच्या अध्यक्षांना मी तिथेच सुचवलं, पुढच्या कार्यक्रमाला वक्ता नको. आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना बोलवा, पक्ष कोणताही असो. टेबलावर महापालिकेचं अंदाजपत्रक ठेवा आणि आपल्या प्रभागासाठी धरलेली कामं एकेक करून विचारा. ते "बघू" म्हणालेत. तुमच्या मंडळाला, तालमीला, सोसायटीला हे जमणार असेल तर खाली लिहा, मी यायला तयार आहे.