‘कार्बन म्हणजे कार्बन’ म्हणणाऱ्याने आधी फोर्क काढून दाखवावा

कोल्हापूरच्या सायकलवाल्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘बजेट कमी आहे म्हणून अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक घेताय? थांबा!’ अशी सुरुवात आणि खाली मुद्दे. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अ‍ॅल्युमिनियम जड, पन्हाळा चढताना जीव काढतं. तीन वर्षांत फ्रेम ‘थकते’, वेल्डिंगला तडे जातात आणि मग ती दुरुस्तही होत नाही. कार्बन, म्हणजे कार्बन फायबरची फ्रेम, मात्र आयुष्यभर टिकतो. अ‍ॅल्युमिनियमवर पाठ मोडते. कार्बन पावसात गंजत नाही. रेसवाले सगळे कार्बनच वापरतात. आणि शेवटी सल्ला: नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या पैशात सेकंडहँड किंवा बिनब्रँडची कार्बन मिळते, कार्बन म्हणजे कार्बन, रुपयाचं नाणं फ्रेमवर ठोका, आवाज खणखणीत आला की डोळे झाकून घ्या.

असल्या मेसेजना मी उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या भाच्याने मनावर घेतला. पोराने पहिल्या नोकरीतून साठवलेले 75 हजार रुपये एका सेकंडहँड कार्बन सायकलवर टाकायचे ठरवले आणि मला फोन केला, “आत्या, नाणं वाजवून बघितलं, आवाज एकदम क्लिअर आहे. उद्या टोकन देतोय.” म्हणून हे लिहायला घेतलं, आणि सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण बाकीच्यांनी पैसे वाया जातील, याने माणूस आपटेल.

टोकन थांबवून मी त्याच्यासोबत ती सायकल बघायला गेले. लांबून देखणी होती, मॅट काळी. हँडलची टेप कोरी करकरीत, बाकी सायकल चांगली वापरलेली. उजव्या ब्रेक लिव्हरचं टोक घासलेलं. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, बाहेरचा भाग घासलेला, म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली होती. आणि वरच्या नळीवर, हेडट्यूबपासून (हँडलखालची पुढची उभी नळी) वीतभर मागे, एक स्टिकर. बाकी फ्रेमवर कुठे स्टिकर नाही, तिथेच का? सायकल पडते तेव्हा हँडल गर्रकन फिरतं आणि त्याचं टोक वरच्या नळीवर बरोबर त्याच जागी आदळतं. मी मालकाला विचारलं, स्टिकर काढू का? नको म्हणाला. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, काढून बघू का? त्यालाही नको. मग आम्ही निघालो. त्यात ती फ्रेम 56 सेंटिमीटर मापाची, माझ्या भाच्याला 52 लागते. मेसेजमध्ये मापाबद्दल अवाक्षर नाही! चुकीच्या मापाच्या सायकलवर कार्बन काय, सोनं असलं तरी मान आणि गुडघे दुखणारच.

आता ते नाणं. ठोकून बघण्याची पद्धत खोटी नाही, हे मान्य करते. कार्बनचे थर आतून सुटले असतील तर तिथे आवाज बद्द येतो, आणि ज्याच्या हाताखालून शेकडो फ्रेम गेल्यात त्याला तो फरक कळतो. पण धड असलेल्या फ्रेमवरही आवाज जागोजागी बदलतो, कारण नळीची जाडी जागोजागी बदलते. बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, वेगळा, मधल्या पातळ भागात वेगळा. पहिल्यांदा नाणं धरणाऱ्या पोराने यातला कुठला चांगला आणि कुठला वाईट मानायचा? आणि जो भाग तुटला तर दात आणि जबडा जातो, त्या भागावर नाणं पोचतच नाही. फोर्कची वरची दांडी, जिला स्टीअरर म्हणतात, ती हेडट्यूबच्या आत असते. कुणीतरी स्टेमचे, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट अंदाजाने आवळले असतील तर तडा त्या दांडीवर जातो, स्टेमच्या आत किंवा वरच्या बेअरिंगपाशी. बाहेरून काहीही दिसत नाही. ते बघायचं तर स्टेम सोडवून फोर्क खाली ओढावा लागतो, पुसावा लागतो, आणि टॉर्चच्या उजेडात स्टेमचा वळ आणि बेअरिंगची जागा बघावी लागते. दहा मिनिटांचं काम आहे. जो विकणारा ते करू देत नाही, त्याची सायकल घेऊ नये.

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आपटली तर बहुतेकदा पोचा येतो, वाकते, रंगाला सुरकुती पडते. डोळ्याला काहीतरी दिसतं. कार्बनला मार बसला आणि वरचा रंग शाबूत राहिला तर आतलं नुकसान झाकलेलं राहतं आणि पुढे एखाद्या खड्ड्यात एकदम तुटू शकतं. म्हणून अपघात झालेली कार्बन फ्रेम जाणकाराकडून, शक्यतो अल्ट्रासाऊंडने, तपासून घ्यायची असते. शिवाय बहुतेक कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. सेकंडहँड घेणाऱ्याला काही झालं तर दाद मागायला कुणी नाही.

‘कार्बन म्हणजे कार्बन’ हे वाक्य तर कोल्हापुरात कुणी बोलावं याचं मला नवल वाटतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेला कुठलाही माणूस सांगेल की बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या हवेची पोकळी, असतो आणि तो मशीनवर घेतल्यावरच कळतो. बिनब्रँडच्या कार्बन फ्रेमचं तेच आहे, फक्त ती मशीनवर कुणी घेत नाही, तुम्ही थेट रस्त्यावर घेता. कार्बनचा तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने जबरदस्त मजबूत असतो, आडव्या दिशेने सगळी भिस्त तंतू चिकटवणाऱ्या रेझिनवर. त्यामुळे कुठला थर कुठल्या कोनात घातला, रेझिन किती, दाब नीट बसला की मध्ये हवा आणि सुरकुत्या राहिल्या, यावर फ्रेमची ताकद ठरते. यातलं काहीही रंगाखालून दिसत नाही. नामवंत ब्रँडचे स्टिकर लावलेल्या नकली फ्रेमसुद्धा ऑनलाइन विकल्या जातात. त्यांच्यावरही नाणं खणखणीत वाजेल.

आता ‘तीन वर्षांत थकते’ हा मुद्दा. यात अर्धं सत्य आहे आणि ते मी झाकणार नाही. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकून तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही पुरेशा वेळा दिला तर कधीतरी तडा जाणारच. पण ‘कधीतरी’चे ‘तीन वर्षं’ कुणी केले? फ्रेम डिझाइन करणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या पोलादी नळ्यांपेक्षा जाड व्यासाच्या असतात आणि ताण कमी ठेवलेला असतो.

सायकलच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ 4210 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या पेडलिंगच्या चाचणीत रेसिंग सायकलच्या फ्रेमवर दोन्ही पेडलवर आळीपाळीने 1,100 न्यूटन, म्हणजे साधारण 112 किलो वजनाइतका जोर देतात, आणि तोही 1,00,000 वेळा. कुठेही तडा दिसला की फ्रेम नापास. या चाचणीत अ‍ॅल्युमिनियमला सवलत नाही आणि कार्बनला वेगळी गादी नाही, आकडा दोघांना तोच. तुम्ही-आम्ही सपाट रस्त्यावर बसून पेडल मारतो तेव्हा पायाचा जोर याच्या पाव भागाच्या आसपास असतो. आणि ताण कमी झाला की धातूचं आयुष्य नुसतं त्या प्रमाणात नाही, कितीतरी पटींनी वाढतं. आपल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात एस-एन कर्व्ह, म्हणजे ताण आणि आयुष्याचा आलेख, शिकलेले इंजिनिअर गल्लोगल्ली आहेत, विचारा. ही चाचणी पार केलेली धड कंपनीची फ्रेम रविवारी पन्हाळा, जोतिबा करून तीन वर्षांत मरत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एकाही चाचणीचं नाव घेतलेलं नाही.

दुरुस्तीबद्दल मात्र तो बरोबर आहे. सायकलला वापरतात ते 6061 सारखं अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट देऊन कडक केलेलं असतं. तडा गेला म्हणून उद्यमनगरात नेऊन आर्गन वेल्डिंग मारलं तर जोड दिसायला सुरेख होईल, पण शेजारचा भाग मऊ पडलेला असेल. तशी फ्रेम चालवू नका. कार्बन जाणकाराकडून दुरुस्त होतो, हेही खरं. पण मग तो खर्च 75 हजारांच्या हिशेबात धरा की!

वजनाचं बघू. बेताच्या किमतीतल्या चांगल्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममध्ये आणि साध्या कार्बन फ्रेममध्ये फरक अर्धा किलोच्या आसपास. चालवणारा 68 किलोचा, सायकल 10, पाणी आणि सामान 2, झाले 80. अर्धा किलो म्हणजे त्याच्या एक टक्क्याहूनही कमी. वाघबीळपासून वर पन्हाळ्याला चढायला अर्धा तास लागत असेल तर वाचणारी वेळ अकरा-बारा सेकंद. ज्यांची शर्यत सेकंदावर ठरते त्यांनी त्यासाठी जरूर पैसे मोजावेत. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तास मिळतात, तिथे अकरा सेकंदांनी काय होणार?

पाठदुखीचं म्हणाल तर कार्बनची फ्रेम चांगली बनवलेली असेल तर रस्त्याची बारीक थरथर कमी पोचवते, मान्य. पण उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर आधी काम करतो तो टायर. आमच्याकडे पोरं 25 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये शंभर-एकशेदहा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठोकतात आणि मग अ‍ॅल्युमिनियमला शिव्या घालतात. फ्रेममध्ये जागा असेल तर 28 किंवा 32 चा टायर घाला, टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून आपल्या वजनाप्रमाणे हवा उतरवा, आणि मग सांगा पाठ काय म्हणते. शिवाय आजकाल या बजेटमधल्या बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम सायकलींना पुढचा फोर्क कार्बनचाच येतो. हाताला बसणारा धक्का तिथेच कमी होतो.

गंजण्याबद्दल फार लिहीत नाही. अ‍ॅल्युमिनियमही लोखंडासारखं गंजत नाही. गगनबावड्याच्या पावसात चेन, बेअरिंग आणि बोल्ट गंजतात, ते दोन्ही सायकलींना सारखेच. उलट कार्बन फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट कोरडाच घालून दोन पावसाळे तसाच ठेवला तर ओल आणि घामाच्या मिठाने दोघांत रासायनिक क्रिया होऊन तो असा घट्ट बसतो की करवतीने कापायची वेळ येते.

आणि रेसवाले कार्बन वापरतात, हो, वापरतात. त्यांची सायकल टीमची असते, रोज रात्री मेकॅनिक ती उघडून बघतो आणि पडली तर दुसऱ्या दिवशी नवी मिळते. 1998 साली मार्को पंतानीने टूर द फ्रान्स जिंकली ती अ‍ॅल्युमिनियमच्या बियांकीवर, हेही त्या मेसेजमध्ये घालायला हरकत नव्हती.

कार्बनशी माझं वैर नाही. नवीन, बिलासकट, वॉरंटीसकट, आपल्या मापाची घेण्याइतके पैसे असतील तर खुशाल घ्या. दीड-दोन लाखांच्या पुढे त्यात चांगलं मिळतं. घेतलीत तर सोबत टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना, घ्या, कारण स्टेमचे बोल्ट बहुतेक ठिकाणी 5 न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात, आणि अंदाजाने आवळणारा हात त्याच्या दुप्पट सहज जातो. आकडा बोल्टजवळच छापलेला असतो, तो वाचा.

भाच्याला मी हिशेब कागदावर लिहून दिलाय. 52 ची अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, शिमानोचा क्लॅरिस किंवा सोरा गिअरसेट, 28 चे टायर बसतील अशी जागा. उरलेल्या पैशात आधी हेल्मेट, मग पुढचा-मागचा लाइट, पंप, दोन जादा ट्यूब. काही उरलेच तर फिटिंग करून देणाऱ्याकडे एक तास. त्या मॅट काळ्या सायकलच्या मालकाचा परवा पुन्हा फोन आला होता, पाच हजार कमी करतो म्हणाला. फोर्क काढून दाखवायला मात्र तो अजून तयार नाही.