‘फावल्या वेळचे उद्योग’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

तुमची कमेंट काल रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून झोपले, पण झोप कुठली लागतेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. भावाच्या दारूपायी आम्ही घरच्यांनी ऑनलाइन थेरपिस्टची मदत घेतली त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्याखाली हे लिहितात, “ताई, मोबाईलवर गप्पा मारून दारू सुटत नसते, फावल्या वेळचे उद्योग आहेत हे. पिणारा कॅमेऱ्यासमोर आलाच नाही, मग थेरपी झाली कोणाची?” शिवाय फी लपवली, दारू एकदम तोडणं धोक्याचं असतं ते लिहिलं नाही, हे ऑनलाइन थेरपीवाले लोकांची खासगी माहिती विकतात, पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र असताना हे नखरे कशाला, आणि शेवटी, सुटली का दारू ते सांगा.

फीचं तुमचं बरोबर आहे, लिहायला हवी होती. तासाला बाराशे रुपये, मी भरायचे. झालं समाधान?

आता फावला वेळ. मी ठाण्याला, ऑफिसातून घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, त्यापुढे स्वयंपाक. आई कराडला भावाजवळ. भावजय पोरीला घेऊन माहेरी इस्लामपूरला गेलेली. तिघींनी एका जागी बसायचं म्हटलं तर मला रजा, भावजयीला एसटी, आणि भाऊ विचारणार आज सगळ्या कशा काय जमल्या. म्हणून रात्री साडेनऊला तीन ठिकाणांहून तीन फोन, आई शेजारच्या काकूंच्या माजघरात जाऊन बोलायची कारण घरात हा. याला उद्योग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. पण तुम्हाला शंकाच विचारायची होती तर ती साध्या शब्दांत विचारता आली असती, आधी ताई म्हणायचं आणि मग टोमणा मारायचा ही कुठली पद्धत? समोरासमोर एखाद्या बाईला असं बोलला असतात का?

थेरपी झाली कोणाची, तर आमची झाली, आणि आमचीच व्हायला हवी होती. क्राफ्ट म्हणून एक पद्धत आहे, अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली, ती मुळात अशाच घरांसाठी आहे जिथे पिणारा उपचाराला नाहीच म्हणतो. आमच्या थेरपिस्ट मॅडम त्याच धर्तीवर काम करतात. पहिल्यांदा त्यांनी भावाबद्दल कमी आणि आमच्याबद्दलच जास्त विचारलं, तेव्हा मलाही राग आला होता, म्हणजे पितो तो आणि चौकशी आमची! मग एकेक बाहेर आलं. आई संध्याकाळी तमाशा नको म्हणून त्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवायची. मी त्याची बारची उधारी जीपेनं भागवायचे, का तर गावात नाव नको जायला. भावजय त्याच्या साहेबांना फोन करून ताप आलाय सांगायची. पिण्याचा त्रास त्याला कमी आणि आम्हालाच जास्त, अशी सोय आम्हीच लावून दिलेली.

मग ठरलं की पैसे बंद, खोटं बोलणं बंद. प्यायलेला असताना वाद घालायचा नाही, ताट वाढून घेईल तो, आपण झोपायचं. पण ज्या दिवशी न पिता येईल त्या दिवशी त्याच्याशी बसायचं, त्याला आवडतं ते करायचं, भावजयीनं पोरीला व्हिडिओ कॉलवर आणायचं. आणि हात उचलला तर तिथं थांबायचंच नाही, काकूंकडे एक पिशवी आणि किल्ली आधीच ठेवलेली. ऐकायला सोपं वाटतं ना? आईला त्या दोनशे रुपयांना नाही म्हणायला किती जड गेलं ते मी पाहिलंय.

आणि दारू म्हणजे काय हे मला शिकवू नका. माझे वडील दारूनंच गेले, मी दहावीत होते. तेव्हा कोणी थेरपी म्हटली नाही, सगळे आईलाच म्हणायचे तू समजुतीनं घे. स्टँडजवळच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ रंगवलेलं असतं, तसली पुडी एका नातेवाइकानं आणून दिली, आमटीत घाल म्हणे. त्यात काय होतं देव जाणे. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, कुणाला नकळत दिलं आणि वर तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं, हे मला कळलं ते तुम्ही ज्याला गप्पा म्हणता त्यातूनच.

बाकीचं पटकन. दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, बरोबर आहे, मॅडमनी सगळ्यात आधी तेच विचारलं की सकाळी हात थरथरतात का, आणि बाटली लपवू नका, आधी डॉक्टर, असं बजावलं. माझा लेख त्यावर नव्हता, सगळं एका लेखात मावत नाही. माहिती विकण्याचं म्हणाल तर बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या ॲपनं लोकांची माहिती जाहिरातींसाठी बाहेर दिल्याचं प्रकरण २०२३चं आणि अमेरिकेतलं, आम्ही कुठलंही ॲप घेतलं नव्हतं. मुक्तांगणबद्दल आदरच आहे, १९८६ पासून अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं काम आहे ते, पण भाऊ उंबऱ्याबाहेर पडायलाच तयार नव्हता, त्याला काय पोत्यात घालून न्यायचं? २०१९च्या सरकारी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं निघालं, उरलेल्या सदतीस जणांच्या घरच्यांनी काय करायचं तेही लिहायचं होतंत. पैसे नसतील त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

सुटली का? पूर्ण नाही. मधे तो स्वतः आमच्या कॉलवर येऊन बसला, मॅडमच्या सांगण्यावरून साताऱ्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे गेला, गोळ्या चालू आहेत, गणपतीत पुन्हा प्यायला. सुटली असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. भावजय अजून इस्लामपूरलाच आहे आणि तिनं कधी परत यायचं ते ती ठरवेल, त्यावर कमेंट आलेली मला चालणार नाही.